आधी हात की आधी कार्ड

गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी परळला डॉक्टरकी शिकत होते. घर गिरगावात, फणसवाडीत. आमच्या घरात आजोबांपासून सगळे टेबलाशी बसून काम करणारे. त्यामुळे गिरणगाव मला ट्रामच्या जुन्या गोष्टींइतकंच लांबचं होतं. मुलांच्या वॉर्डात पाय टाकला आणि ते एकदम अंगावर आलं. एरवी मुलांना आया घेऊन येत. संपात बाप यायला लागले. आया कुणाच्या घरची धुणीभांडी, कुठे खाणावळीच्या चपात्या अशा कामांना बाहेर पडल्या होत्या आणि बाप घरात होते. त्या बापांना पोराला कुठली लस कधी दिली ते सांगता यायचं नाही. पण पोराच्या तापाचं वर्णन ते असं करायचे की आम्ही शिकाऊ डॉक्टर ऐकत राहायचो. "दुसऱ्या पाळीला गरम होतो, तिसऱ्या पाळीला घाम सोडतो, सकाळी बंद. एक दिवस खाडा. मग परत चालू." पुस्तकातली दोन पानं त्या माणसाने दोन वाक्यांत सांगितलेली असायची.

संप कोणी मागे घेतला असं झालंच नाही, तो विरत गेला. मी शिकून बाहेर पडले, बालरोगाची पदवी घेतली आणि लालबागमधल्या एका धर्मादाय दवाखान्यात लहान मुलांच्या ओपीडीत लागले. घरच्यांना वाटलं होतं, मी गिरगावात पाटी लावीन. मला त्या ओपीडीची चटक लागली होती. सकाळी दार उघडलं की बाकांवर रडण्याचा एक कोरस सुरू असायचा, आणि त्यात कोण दुखतंय म्हणून रडतंय, कोण शेजारचा रडतोय म्हणून रडतंय, हे ओळखण्यात मला विलक्षण मजा यायची.

ओपीडीत आम्ही तीन डॉक्टर. प्रमुख म्हणजे आमचे सर. राहायला दादरला, मराठी अगदी स्वच्छ, पुण्याचं वाटावं असं, आणि सगळ्यांना अहोजाहो. सगळ्यांना म्हणजे दोन वर्षांच्या पोरांनासुद्धा. "काय म्हणता? पोटात दुखतंय का तुमच्या? झोपा बघू जरा," असं ते एखाद्या उघड्यावाघड्या पोराला म्हणाले की ते पोर गोंधळून रडायचं थांबायचं. सरांचा सगळा भरवसा हातावर. पोटाच्या डाव्या बाजूला बरगडीखाली बोटं सरकवायची, पोराला श्वास घ्यायला लावायचा, आणि पाणथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागते का ते बघायचं. मलेरियात ती सुजते. सर डोळे मिटून ते करायचे आणि त्या वेळी ओपीडीत कोणी बोललेलं त्यांना चालायचं नाही.

तिसरा डॉक्टर माझा वर्गमित्र. वरळीच्या कोळीवाड्यातला. त्याच्या घरातला पहिला डॉक्टर, आणि बहुधा पहिलाच असा माणूस ज्याला होडी लागायची. आई दादरच्या बाजारात मासे विकायला बसायची. त्याचं बोलणं सुसाट, अर्धं मराठी, अर्धं हिंदी, मध्येच इंग्रजी. नवीन काही आलं की ते त्याला पहिलं हवं असायचं. सरांचं आणि त्याचं रोज वाजायचं आणि दोघंही एकमेकांशिवाय चहा प्यायचे नाहीत.

गिरण्या बंद पडत गेल्या तसे त्यांच्या जागांवर खड्डे खणले जायला लागले. टॉवर येणार होते. खड्ड्यांत पाणी साचायचं आणि पाण्यात डास. पावसाळा सरता सरता आमची ओपीडी ओपीडी राहायची नाही, तापाची जत्रा व्हायची. ताप म्हटला की स्लाइड घ्यायची. रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, वाळवायचा आणि ती काच आमच्याच ट्रस्टच्या गिरगावातल्या लॅबमध्ये पाठवायची. उत्तर येणार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तोवर काय करायचं? तोवर तापलेल्या प्रत्येक पोराला क्लोरोक्वीन द्यायचं. मलेरिया असेल तर बरं झालं, नसेल तर गेलं पोटात. असा तेव्हा रिवाजच होता आणि तो चुकीचा नव्हता.

पण ते क्लोरोक्वीन पाजणं म्हणजे काय असायचं ते त्या आयांना विचारा. इतकं कडू औषध जगात दुसरं नसेल. सर गोळी कुटून मधातून द्यायला सांगायचे. पोरं दात आवळून बसायची, नाक दाबलं तर तोंड उघडून सगळं आईच्या पदरावर परत करायची, मग परत अर्धी गोळी, परत मध. एक मुलगी तर आमच्या फाटकाशी आली की तोंडावर दोन्ही हात धरूनच आत शिरायची. खोकला असला तरी.

अशात एका पावसाळ्यात ट्रस्टच्या ऑफिसातून आमच्याकडे एक खोका आला. आत मलेरियाची कार्डं. बोटातून रक्ताचा एक थेंब काढायचा, कार्डाच्या खिडकीत सोडायचा, वर औषधाचे थेंब टाकायचे आणि थांबायचं. एक रेघ आली तर कार्ड चालतंय, पण मलेरिया दिसत नाही. दोन आल्या तर मलेरिया आहे. चहा निवायच्या आत उत्तर. कुणीतरी देणगी म्हणून ती दिली होती, आणि पुढे विकत घ्यायची की नाही यावर विश्वस्तांना आम्हा तिघा डॉक्टरांचं मत हवं होतं. पावसाळाभर वापरा आणि सांगा, असा निरोप होता.

माझ्या मित्राने खोका फोडला आणि कोणाला काही विचारायच्या आत स्वतःच्याच बोटाला सुई मारली. आम्ही तिघं टेबलावर वाकून बसलो. कार्डावर लाल रंग पसरला, मग पांढरं झालं, मग हळूहळू एक गुलाबी रेघ उमटली. एकच. त्याने हात वर केले, जणू परीक्षा पास झाला होता.

सर म्हणाले, "तुम्हाला मलेरिया नाही हे मला तुमच्याकडे बघूनच कळत होतं. सकाळपासून चार वडे खाल्लेत."

मग त्यांनी आपलं मत तेव्हाच सांगून टाकलं. त्यांचं म्हणणं असं की, कार्डाचं उत्तर चूक असेल याची त्यांना भीती नव्हती. भीती होती ती उत्तर लवकर मिळण्याची. उत्तर हातात पडलं की डॉक्टर बघायचं थांबतो. घसा बघत नाही, कान बघत नाही, पोटाला हात लावत नाही. कार्ड बघतो. माझ्या मित्राचं मत बरोबर उलटं. बाकावर एवढी पोरं बसलेली असताना प्रत्येकाच्या पाणथरीशी डोळे मिटून गप्पा मारायला वेळ कोणाला आहे? आणि आया डॉक्टरच्या हातावर विश्वास ठेवत नाहीत, रेघ दिसली तर ठेवतील. मला दोघांचं पटत होतं आणि ते मी बोलूनही दाखवलं, त्यावर दोघंही माझ्यावर उखडले.

शेवटी सरांनीच अट घातली. कार्ड करायचं, पण आधी तिघांनी पोर तपासायचं आणि आपलं मत मोठ्याने सांगायचं, आहे किंवा नाही. मग सुई. ज्याचं चुकेल त्याने दुपारचा चहा सांगायचा.

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते सगळे हसण्याचे. ताप म्हणजे ताप, पोरं आजारी, आया काळजीत, हे सगळं होतंच. पण त्या खोलीत एक वेगळंच वारं भरलं होतं. सर डोळे मिटून पोटाला हात लावायचे आणि कोर्टात निकाल द्यावा तसं म्हणायचे, "आहे." माझा मित्र पोराची जीभ बघून म्हणायचा, "नाही." मी मध्येच कुठेतरी. मग सुई, मग थेंब, आणि मग सगळे त्या इवल्याशा खिडकीकडे बघत. थोड्याच दिवसांत बाकावरच्या आयाही त्यात शिरल्या. आपलं पोर मांडीवर घेऊन त्या पुढच्या पोराबद्दल अंदाज सांगायच्या. "ह्याला न्हाय, ह्याला सर्दीय." एका आजीचे अंदाज इतके बरोबर यायचे की सरांनी तिला, तुम्ही उद्या पण या, असं सांगितलं. नातवाचा ताप गेला होता तरी ती आली. मात्र दुसऱ्या दिवशी तिचं सगळं चुकलं आणि ती आमच्यावरच रागावून गेली.

एक दिवस माझ्या मित्राच्याच कोळीवाड्यातली एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली. बाजारातून थेट आली होती, कासोटा नेसलेली, केसांत अबोली, टोपली बाहेर ठेवलेली. मुलगा सहा-सात वर्षांचा, तापाने लाल झालेला. आम्ही तिघांनी एकमताने "आहे" म्हटलं. कार्ड केलं. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. पहिली रेघ आली. मग दुसरी आली, चांगली ठसठशीत.

बाई एकदम मागे सरकली. तिने कार्डाकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, आणि माझ्या कानाशी येऊन अगदी हळू विचारलं, "डॉक्टरीणबाई, दोन रेघा? अवो, हा पोरगा हाय."

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. दिवस राहिलेत का ते बघायच्या पट्ट्या तोवर औषधाच्या दुकानांत आल्या होत्या, आणि दोन रेघांचा एकच अर्थ त्या बाईला माहीत होता. मी समजावून सांगायला तोंड उघडलं मात्र, मी हसायला लागले. बाईला माझ्याकडे बघून हसू फुटलं. तिने मागच्या बाईला सांगितलं, तिने तिच्या मागच्या बाईला, आणि ते हसू बाकाबाकावरून सरकत फाटकापर्यंत गेलं. सर आतून विचारत राहिले की काय झालं, आणि त्यांना ते सांगायची जबाबदारी कोणी घेईना. अखेर माझ्या मित्राने सांगितलं. सर गंभीरपणे उठले, त्या मुलापाशी गेले आणि म्हणाले, "अभिनंदन. तुम्हाला मलेरिया आहे." तो मुलगा ताप अंगात असताना एवढा हसला की त्याला ठसका लागला. तो आठवड्याभरात ठणठणीत झाला. त्याची आई त्यानंतर आमच्या दारावरून गेली की दोन बोटं वर करून दाखवायची.

पण सगळं असंच हलकं जात नव्हतं. एकदा एक तान्हं पोर आलं, जुलाबासाठी. आईचं म्हणणं, ताप नाहीच. हाताला तर गारच लागत होतं. सरांनी पोट बघितलं, नाही म्हणाले. मित्र नाही म्हणाला. मी नाही म्हटलं. तसं कार्ड करायचं कारणच नव्हतं. पण पोराचे ओठ मला फिके वाटले आणि मी सहज म्हटलं, करून तर बघू. दोन रेघा आल्या. सरांनी पोराला परत हातात घेतलं, परत पोट बघितलं, बराच वेळ. मग त्या पोरालाच म्हणाले, "माफ करा, तुम्ही मला सांगत होतात, मला ऐकू आलं नाही." त्याला त्याच दिवशी पुढच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं आणि ते वाचलं. त्या दुपारचा चहा तिघांनी मागवला. तीन वेळा चहा आला आणि तो आम्ही तिन्ही वेळा प्यायलो. पोर वाचेल असा निरोप फोनवरून तेवढ्यात आला होता आणि कशातही साखर कमी पडत नव्हती.

त्याउलट एक रेघ आली की खरी पंचाईत व्हायची. दोन रेघांचं सोपं होतं. मलेरिया आहे, हे घ्या औषध. एक रेघ म्हणजे मलेरिया दिसत नाही. मग ताप कशाचा? ते कार्ड सांगायचं नाही. आणि समोरचा माणूस तर ताप घेऊन आलेला.

असा एक बाप आला होता. पूर्वी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता, आता त्याच गिरणीच्या जागेवर रात्रीचा रखवालदार. मालवणकडचा. कडेवर चार वर्षांची मुलगी, डोळे लाल, नाक वाहतंय, ताप भरलेला. कार्डावर एकच रेघ. मी त्याला खुशीत सांगितलं की मलेरिया नाही, क्लोरोक्वीन द्यायची गरज नाही, तापाचं औषध आणि भरपूर पाणी द्या.

तो जागचा हलेना. म्हणाला, "डॉक्टरीणबाय, रेघ नाय तर ताप नाय, असा कसा? ताप तर हाय. हात लावून बघा."

मी परत सांगितलं. त्याने परत तेच विचारलं. मागे रांग खोळंबली. त्याला औषध हवं होतं आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. दिवसाची झोप मोडून तो आला होता, आणि मी त्याला पांढऱ्या कार्डावर काय नाही ते दाखवत होते. शेवटी सर आपल्या खुर्चीतून उठून आले. त्यांनी त्या मुलीला तोंड उघडायला सांगितलं, उजेडात गालाच्या आतून नीट बघितलं, आणि बापाला म्हणाले, "औषध देतो ना. माझं औषध असं आहे, उद्या सकाळी परत या. रांगेत थांबू नका, थेट माझ्याकडे या." तो माणूस लगेच निघाला. मी इतका वेळ सगळं समजावत होते, फक्त 'उद्या या' तेवढं म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो मुलीला घेऊन आला तो हसतच. मुलीच्या कानामागून गळ्यापर्यंत लाल पुरळ उठलं होतं. गोवर. सरांना त्याचे बारीक पांढरे ठिपके आदल्या दिवशीच गालाच्या आत दिसले होते. बाप भरल्या ओपीडीत सगळ्यांना सांगत सुटला, "रेघ नाय गावली ना, म्हणान ठिपके इले." म्हणजे रेघ सापडली नाही म्हणून ठिपके आले. माझा मित्र खाली बसून हसला. गोवर काही हसण्याची गोष्ट नाही, आणि सरांनी त्या बापाला बाजूला नेऊन काय जपायचं ते नीट सांगितलं. मुलीला इतरांपासून लांब बसवलं. पण कशाचा ताप ते कळलं याचा त्या माणसाला झालेला आनंद इतका मोठा होता की आम्हालाही तो झाला.

मग पावसाळा संपत आला आणि सरांनाच ताप आला.

सकाळी ओपीडीत ते अंगात स्वेटर घालून आले तेव्हाच मला शंका आली. लालबागमध्ये त्या दिवसांत कोणी स्वेटर घालत नाही. थोड्या वेळाने त्यांनी पंखा बंद करायला सांगितला. मग त्यांच्या हातातला स्टेथोस्कोप थडथड उडायला लागला. तरी म्हणाले, साधा फ्लू आहे. माझ्या मित्राला तर पर्वणीच मिळाली. त्याने सरांना पोरांच्या ठेंगण्या बाकावर बसवलं, गुडघे पार हनुवटीपर्यंत आले. आयांनी भोवती गराडा घातला. त्याने सरांना विचारलं, "तुमचं मत, सर? आहे की नाही?" सर कुडकुडत म्हणाले, "नाही. फ्लू." मित्र म्हणाला, आहे. मी म्हटलं, आहे. बाकावरच्या सगळ्या आया म्हणाल्या, आहे. सुई मारताना सरांनी डोळे गच्च मिटून घेतले आणि एका पोराने त्यांना सांगितलं की मुंगी चावल्यासारखंच वाटतं.

एकच रेघ आली. आम्ही खिडकीच्या उजेडात धरून बघितलं, तिरकं करून बघितलं. एकच.

सर त्या ठेंगण्या बाकावरून विजयी मुद्रेने उठायला गेले आणि त्यांना उठताच आलं नाही. आम्ही दोघांनी काखेत हात घालून उठवलं, टॅक्सीत बसवलं. त्याआधी आमच्या नियमाप्रमाणे त्यांची स्लाइडही घेतली आणि गिरगावला पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅबमधून उत्तर आलं. मलेरिया. स्लाइडवर दिसत होता. थोडाच, पण होता. मी लगेच सरांच्या घरी फोन लावला. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, उचलला. त्या म्हणाल्या, आत्ताच परत थंडी वाजून गेली, दोन रजया घातल्यात. मी त्यांना निरोप सांगितला तसा मागून सरांचा आवाज आला, कोण आहे, काय म्हणतायत. मग फोन त्यांनीच घेतला.

"काय म्हणता? कार्ड चुकलं?" त्यांच्या आवाजात तापाचा मागमूस नव्हता. "मला वाटलंच होतं. जंतू कमी असले की त्याला दिसत नाहीत. वा."

मी म्हटलं, "सर, पण तुम्हीही चुकलात. तुम्ही फ्लू म्हणाला होतात."

सर म्हणाले, "ते मी रुग्ण म्हणून म्हणालो. डॉक्टर म्हणून मला कोणी विचारलंच नाही. आणि एक सांगा, तुमच्यापैकी कोणी माझ्या पोटाला हात लावलात? नाही ना? सगळे कार्डाकडे बघत होतात."

ते खरंच होतं. दोन डॉक्टर आणि एवढ्या आया, पण सरांना तपासलं कोणीच नव्हतं. सर इतके खूश झाले होते की त्यांना मलेरिया झालाय याचं त्यांना काही वाटतच नव्हतं.

मी आणि माझा मित्र दादरला त्यांच्या घरी गेलो. सर पलंगावर सदरा वर करून तयारच झोपले होते. म्हणाले, बघा. माझ्या मित्राने बोटं सरकवली. सर ओरडले की अहो, हात किती गार आहेत तुमचे, आधी चोळून घ्या, एवढंही शिकवलं नाही का मी? मित्राने हात चोळले, परत बघितलं, आणि पहिल्यांदाच त्याने ते करताना डोळे मिटलेले मी पाहिले. "आहे सर," तो म्हणाला. "लागतेय हाताला." सरांनी माझा हात धरून तिथे ठेवला. बरगडीखाली एक मऊ कड बोटाला येऊन लागली आणि मागे गेली. सरांनी विचारलं, "मिळाली?" मी मान हलवली. ते एखादं बक्षीस मिळाल्यासारखे उशीवर मागे टेकले.

मग औषधाची वेळ झाली. सरांना गोळी गिळता यायची नाही, हे आम्हाला तेव्हाच कळलं. काकूंनी त्यांच्याच सांगण्याप्रमाणे क्लोरोक्वीन कुटलं आणि मधात कालवलं. सरांनी चमचा तोंडात घातला.

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी ते स्थिर राहिले. मग कान लाल झाले. मग डोळ्यांत पाणी आलं, आणि तो सगळा चमचा रजईवर परत आला. काकू शांतपणे म्हणाल्या, पोरं बरी. त्यांनी दुसरा चमचा कालवायला घेतला. सरांनी दोन्ही हात तोंडावर धरले.

"इतकं कडू असतं?" सरांनी हातांच्या आडूनच विचारलं. इतकी वर्षं ते औषध लिहून देत होते, पण घेण्याची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. "आणि हे मी ताप दिसला की सगळ्यांना देत आलो?"

मी आणि माझा मित्र हसू दाबत बाहेरच्या खोलीत गेलो आणि तिथे भिंतीला टेकून, पोट धरून हसलो. आतून चमच्याचा आवाज येत होता, काकूंचा आवाज येत होता, आणि मग परत सरांचा तो आवाज. ती मात्रा शेवटी केळ्यात घालून पोटात गेली, असं काकूंनी नंतर सांगितलं.

सर बरे झाले, आणि मग विश्वस्तांपुढे मत सांगायची वेळ आली. ऑफिस गिरगावात, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. मुख्य विश्वस्त म्हणजे कापडाचा धंदा केलेले एक वृद्ध गृहस्थ, टोपी घालणारे, ऐकायला जरा कमी. माझ्या मित्राने जाताना वाटेत मला सांगून ठेवलं होतं की सर आता कार्डाची वाट लावणार, आपण दोघांनी लढायचं. आम्ही मुद्दे वाटून घेतले.

विश्वस्तांनी सरांना विचारलं की कार्डाबद्दल तुमचा अनुभव काय.

"माझा मलेरिया कार्डाला सापडला नाही," सर म्हणाले. "म्हणून माझं मत असं आहे की कार्डं घ्यावीत."

विश्वस्तांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी कान पुढे केला. सरांनी आवाज चढवून समजावलं की कार्ड चुकतं, मी चुकतो, हे दोघं चुकतात, पण सगळे मिळून एकाच पोराबाबत चुकलो असं क्वचित होतं. म्हणून आधी हात लावायचा, मग कार्ड करायचं, आणि हाताचं नि कार्डाचं पटलं नाही तर स्लाइडची वाट बघायची आणि पोराला उद्या बोलवायचं. पण ज्या पोराला मलेरिया नाही त्याला ते औषध नुसत्या संशयावर यापुढे द्यायचं नाही. "मी ते घेतलं आहे," सर म्हणाले, आणि एवढं सांगताना त्यांचं तोंड पुन्हा कडू झालेलं सगळ्यांना दिसलं.

आमचे वाटून घेतलेले मुद्दे तसेच राहिले. विश्वस्त हो म्हणाले. मग त्यांना ते कार्ड असतं तरी कसं ते बघायचं होतं. माझ्या मित्राच्या खिशात एक होतंच. विश्वस्तांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि बोट पुढे केलं. सर म्हणत होते की तुम्हाला ताप नाही, कार्ड कशाला वाया घालवता, पण ते त्यांना ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही. ऑफिसातला कारकून उठून आला, चहावाला आला, शेजारच्या खोलीतले दोघं आले. सगळे टेबलावर वाकले. लाल रंग पसरला आणि निवळला आणि पांढऱ्यावर एक बारीक गुलाबी रेघ उमटली.

विश्वस्त बराच वेळ दुसरीची वाट बघत राहिले. ती आली नाही. मी त्यांना सांगितलं की हे चांगलं आहे, तुम्हाला मलेरिया नाही. ते हो म्हणाले, पण जरा नाराजच झाले होते.